आधी गळ्यात, मग बोटांत

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



संयोजकांनी सांगितलं, प्रत्येकानं दहा मिनिटं बोलायचं आणि शाळा सोडल्यावर काय केलं ते सांगायचं. सकाळपासून ऐकतोय. कुणी बँकेत मॅनेजर होऊन निवृत्त झालं, कुणी तहसीलदार, कुणाची मुलं जर्मनीत. ऐकून बरं वाटलं. माझं काम तुम्हाला माहीत आहे. पस्तीस वर्षं फाउंड्रीत काढली. आधी उद्यमनगरात दुसऱ्याच्या, मग शिरोलीच्या एमआयडीसीत स्वतःच्या. कास्टिंगवर दहा मिनिटं बोलायला लागलो, तर चौथ्या मिनिटाला तुम्ही उठून तांबड्या-पांढऱ्याच्या रांगेत जाऊन उभे राहाल. म्हणून आज फाउंड्री राहू दे. मी बेंजोविषयी बोलणार आहे.

बघा, हसलात. बेंजो म्हटलं की कोल्हापुरात माणूस हसतोच. वरात, गुलाल आणि नागिन डान्स, एवढंच डोळ्यांसमोर येतं. मीसुद्धा बरीच वर्षं त्या हसणाऱ्यांतच होतो. पण आठवीपासून दहावीच्या गणपतीपर्यंत मी बेंजो शिकत होतो, हे या सभागृहात फक्त एका माणसाला माहीत आहे. तो तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याचं नाव घेत नाही, तो उठून जाईल.

आधी वाद्य सांगतो. आपण ज्याला बेंजो म्हणतो ती लाकडी पेटी. मूळ नाव बुलबुल तरंग. पेटीवर तारा ताणलेल्या आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबलं की ते तारेवर बसतं, उजव्या हातातल्या नखीनं तार छेडायची. याचं मूळ जपानात आहे. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली हे वाद्य तयार केलं. त्याच वर्षी तिकडं ताइशो राजवट सुरू झाली, म्हणून नाव ठेवलं ताइशोगोतो. जपानात ते घरात बसून वाजवायचं मंजूळ वाद्य. आपल्याकडं आल्यावर त्याला पिकअप लागला, कर्णा लागला आणि ते वरातीच्या पुढं चालायला लागलं. २०१६ साली रवी जाधवांनी रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमा काढला, तो याच वाद्यावर आणि ते वाजवणाऱ्या पोरांवर.

वस्तादांकडं मी पोचलो तो आमच्या बिघडलेल्या रेडिओमुळं. मंगळवार पेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. खाली रेडिओ, माळ्यावर बेंजो पार्टीचं सामान. मी आठवीत होतो. त्यांनी रेडिओ उघडला, काहीतरी डाग दिला आणि सांगली केंद्र लागलं. ‘साधी माणसं’मधलं लोहाराचं गाणं चालू होतं. भालजींचा सिनेमा, १९६५ सालचा, संगीत आनंदघन, म्हणजे साक्षात लतादीदी. गाणं संपलं तरी मी गुणगुणत उभा होतो. वस्ताद म्हणाले, “परत म्हण.” मी म्हटलं. म्हणाले, “सूर धरतोस. उद्या संध्याकाळी ये, हात बघू.”

दुसऱ्या दिवशी गेलो तर आपला बाकावरचा हा गडी तिथं आधीच बसलेला, मांडीवर ढोलकी घेऊन. मला बघून म्हणाला, “मर्दा, तू हितं कसा?” तेव्हापासून आम्ही दोघं.

आता शिकवणं कसं होतं ते सांगतो, कारण आज बोलायला उभा राहिलोय तो त्यासाठीच. वस्तादांकडं वही नव्हती. सारेगम लिहून देणं नाही, काही नाही. पहिला महिनाभर त्यांनी मला बटणाला हातसुद्धा लावू दिला नाही. गाणं ऐकायचं आणि म्हणायचं. अख्खं गाणं, मधल्या म्युझिकसकट. व्हायोलिनचा तुकडा असेल तर तोंडानं व्हायोलिन वाजवायचं. कुठं अडखळलो तर म्हणायचे, “हितं तुझ्या गळ्यात खड्डा हाय. मग बोटांत पूल कुठनं येणार?” त्यांचा एकच नियम होता, आधी गळ्यात, मग बोटांत. गळ्यात नसलेलं गाणं बोटं शोधायला लागली की ती चाचपडतात, आणि चाचपडण्याचीच सवय लागते.

गळ्यात बसलं की दुसरी पायरी. गाणं कुठं येऊन थांबतं ते शोधायचं. ओळ संपल्यावर ज्या सुरावर जिवाला स्वस्थता वाटते, तो सूर पेटीवर धरायचा. बाकीचे सूर मग त्याच्या मानानं वर किंवा खाली. तिसरी पायरी सांगाड्याची. ओळीतले सगळे सूर एकदम काढायचे नाहीत. ठेक्याचा जोर ज्यांच्यावर पडतो तेवढे चार-पाच सूर आधी काढायचे. तेवढ्यावर गाणं ओळखू आलं पाहिजे. मधल्या हरकती, मुरक्या नंतर भरायच्या. पोरं उलटं करतात. हरकत आधी काढतात आणि ओळ विसरतात.

या पेटीची एक खोड आहे. तिचा सूर लगेच मरतो. बासरी किंवा पेटी म्हणजे हार्मोनियम, त्यावर सूर लांबवता येतो. बेंजोची तार छेडली की ठण्ण वाजते आणि संपते. मग लांब सूर कसा काढायचा? नखी भराभर चालवत राहायची, म्हणजे रिकामी जागा बारीक बारीक ठोक्यांनी भरायची. ‘नागिन’ची बीन आठवा. १९५४ सालचा सिनेमा, संगीत हेमंतकुमारांचं. ती बीन खरी बीन नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर ती वाजवली होती आणि जोडीला रवींची हार्मोनियम होती. वस्ताद तीच बीन पेटीवर काढायचे, शेजारशेजारच्या बटणांवरनं बोटं घसरवत, आणि खाली नखीचा पाऊस. रस्त्यावरच्या माणसाला वाटायचं, साप आता निघतोय.

गाणं पुन्हा पुन्हा ऐकायला मिळणं हीच तेव्हा मोठी अडचण होती. आमच्याकडं टेपरेकॉर्डर नव्हता. रेडिओवर गाणं एकदा लागलं की परत कधी लागेल, देव जाणे. बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला. ‘पिंजरा’ येऊन चार-पाच वर्षं झाली होती तरी वरातीत त्याच गाण्यांची फर्माईश असायची. आपल्या खेबुडकरांचे शब्द आणि मिरजेच्या राम कदमांचं संगीत. त्यातला एक तुकडा काढायला आम्ही दोघांनी तो सिनेमा चार वेळा बघितला, तोही स्टॉलमध्ये, गाणं लागलं की डोळे मिटून. शेजारच्याला वाटायचं, पोरं झोपली.

पुढं पेठेतल्या लाऊडस्पीकरवाल्याशी दोस्ती झाली. त्याच्याकडं रेकॉर्ड प्लेअर होता. वस्तादांनी तिथं एक युक्ती दाखवली. पंचेचाळीसच्या वेगाची तबकडी तेहतीसवर लावायची. गाणं रेंगाळतं आणि भरभर गेलेला तुकडा मोजता येतो. मात्र सूरही खाली येतो, जवळजवळ पाच बटणं खाली. तेवढी बटणं मनात वर चढवून वाजवायचं. कानाला केवढा व्यायाम झाला त्यानं!

पुढं मोठेपणी वाचनात आलं की ही रीत काही फक्त वरातीवाल्यांची नाही. याच कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाँ खाँसाहेब होते. त्यांच्या गाण्याची एक रेकॉर्ड मागं राहिलेली नाही. तरी केसरबाई, मोगूबाईंपासून आजपर्यंत ती गायकी चालत आली, ती समोर बसून ऐकून आणि तसंच म्हणून दाखवून. मी वस्तादांची बरोबरी खाँसाहेबांशी करत नाही, वस्तादांनीच मला चपलेनं मारलं असतं. पण देवल क्लबात काय आणि मंगळवार पेठेतल्या माळ्यावर काय, विद्या जायची ती कानातनंच.

आणखी एक गोष्ट. मिरवणुकीच्या गोंगाटात तार लावताना वस्ताद खाली वाकून आपला जबडा पेटीच्या लाकडाला टेकवायचे. आम्ही पोरं मागं उभं राहून हसायचो. “वस्ताद पेटीचा मुका घेत्यात,” असं म्हणायचो. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी परत तिच्याकडं येणार आहे.

आता १९७७ चा गणपती. आपण दहावीत. अनंत चतुर्दशीला वस्तादांची पार्टी एका मंडळापुढं होती. मिरजकर तिकटीहून निघालो, बिनखांबी गणेश मंदिर, मग महाद्वार रोड. मी नुसता झांज वाजवायला. महाद्वार रोडवर रात्री दोनच्या सुमाराला वस्तादांनी एकदम नखी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “लोहार वाजीव.” पहिली ओळ बरी गेली. अंतऱ्याला मी हरवलो. कुठल्या बटणावर आहे तेच कळेना. हात थांबला. आणि ढोलकी थांबली नाही. या गड्यानं माझ्याकडं न बघता ठेका तसाच धरून ठेवला, दोन आवर्तनं, तीन आवर्तनं, जसं काही गाण्यातच ते आहे. मला ओळीचं तोंड आठवलं आणि समेवर मी परत आत आलो. लोकांना पत्तासुद्धा लागला नाही. पापाच्या तिकटीला पोचेपर्यंत तेच गाणं आम्ही तीनदा वाजवलं. घाटावर पोचायला उजाडलं.

आई मला बघून घाबरली. वडिलांना कळायच्या आत तिनं मला न्हाणीत घातलं आणि गुलाल जाईपर्यंत घासलं. वडिलांचं म्हणणं तुम्हाला माहीतच असेल, तेव्हा सगळ्यांच्याच वडिलांचं ते होतं. पोरगं इंजिनिअर झालं पाहिजे. वरातीत वाजवणारं पोरगं हा त्यांच्या दृष्टीनं घराण्याला बट्टा होता.

त्या दिवशी पहिल्या तासाला चाचणी होती. आम्ही दोघं उशिरा पोचलो. मी आधी, स्वच्छ धुतलेला. मी पोट दुखत होतं म्हणून सांगितलं आणि जागेवर जाऊन बसलो. पाच मिनिटांनी हा आला. कानामागं गुलाल तसाच. सरांनी विचारलं, “रात्री कुठं होता?” यानं खरं सांगितलं. सर म्हणाले, “बेंजोच्या गाडीवर आपल्या शाळेची दोन पोरं होती असं मला कळलंय. दुसरा कोण?”

वर्ग गप्प होता. मी बाकाकडं बघत होतो. बाकावर कुणीतरी करकटकानं कोरलेला बाण होता, तो अजून आठवतो. मी उठलो नाही.

हा म्हणाला, “मला नाव ठावं नाही सर. अंधार होता.”

त्याला मधल्या सुट्टीपर्यंत वर्गाबाहेर उभं केलं आणि चाचणी देऊ दिली नाही. तेव्हाच्या मानानं ही काही मोठी शिक्षा नव्हती, आणि सरांचंही काही चुकलं असं मी म्हणत नाही. चाचणी बुडवून वाजवत फिरणाऱ्या पोराला कुठल्याही सरांनी तेच केलं असतं. चूक माझी होती. सुट्टीत तो माझ्याजवळ आला, डबा उघडला आणि म्हणाला, “अंतऱ्याला तू कोमल नि घ्यायचा विसरतोस.” बस्स. त्यानंतर या विषयावर तो एक शब्द बोललेला नाही. आज सत्तेचाळीस वर्षं झाली.

मी मात्र त्यानंतर वस्तादांकडं गेलो नाही. दहावीचं वर्ष आहे असा निरोप पाठवला. मग डिप्लोमा. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना वस्ताद गेले, तेव्हाही लांबनंच हळहळलो. हा गडी दहावीनंतर कामाला लागला आणि ढोलकी त्यानं सोडली नाही. मी कारखाना काढला आणि वरात समोरनं आली की गाडीची काच वर करायला लागलो.

२०१९ साली मुलीकडं अमेरिकेला गेलो. ती नॉर्थ कॅरोलायनात राहते. तिथं राली शहरात २०१३ पासून २०२४ पर्यंत दर सप्टेंबरअखेर ब्लूग्रास संगीताचा मोठा मेळा भरायचा. मुलगी म्हणाली, “बाबा, चला, इकडचा बँजो ऐकवते.” मला वाटलं बुलबुल तरंग असेल. बघतो तर डफाला लांब दांडी बसवावी तसं वाद्य, वर पाच तारा, आणि पाचवी तार दांडीच्या मध्यावरनंच सुरू होणारी, आखूड. नावाशिवाय आपल्या पेटीशी त्याचं काही नातं नाही.

पण वाजायला लागलं आणि मी रस्त्यात उभाच राहिलो. कारण तोच प्रश्न होता आणि तेच उत्तर. या वाद्याचाही सूर लगेच मरतो. म्हणून वाजवणारा अंगठा आणि दोन बोटांत नख्या घालून सतत ठोके भरत राहतो. गाण्याचे सूर कमी, भरणीचे जास्त, आणि तरी गाणं ओळखू येतं. आठाच्या घरात तीन-तीन-दोन अशी वाटणी. केरव्यात हा आपला ढोलकीवाला लाडात आला की हेच करायचा. मुलगी विचारत होती, “बाबा, रडताय का?” मी म्हटलं, ऊन लागतंय.

मग त्या वाद्याचं वाचून काढलं. पश्चिम आफ्रिकेतनं गुलाम करून नेलेल्या माणसांनी भोपळा, कातडं आणि तारा घेऊन ते तिकडं उभं केलं. ती आखूड तार आफ्रिकेतल्या वाद्यांत आजही दिसते. पुढं गोऱ्यांनी ते घेतलं आणि डोंगराळ भागातल्या गरिबांचं वाद्य म्हणून त्याची बरीच टिंगलही झाली. मग त्याच नॉर्थ कॅरोलायनात १९२४ साली जन्मलेला अर्ल स्क्रग्ज, तरुणपणी सूतगिरणीत काम केलेला माणूस, १९४५ च्या डिसेंबरात बिल मन्रोच्या वाद्यवृंदात आला आणि तीन बोटांच्या त्या वादनानं लोकांना वेड लावलं. मन्रोच्या वाद्यवृंदाचं नाव ब्लू ग्रास बॉइज, त्यावरनंच या संगीताला ब्लूग्रास म्हणायला लागले. आणि स्क्रग्जचं वादन शिकणारी पोरं काय करायची? त्याच्या तेहतीसच्या तबकड्या सोळाच्या वेगावर लावून ऐकायची! वेग निम्मा झाला की सूर बरोबर एक सप्तक खाली येतो, म्हणजे बटणं मोजायचीही गरज नाही. मंगळवार पेठ आणि अमेरिका, दोन्हीकडं तीच युक्ती. हे कळलं तेव्हा वस्तादांना सांगायला हवं होतं असं फार वाटलं.

मुलीनं मला एक बँजो घेऊन दिला. परत आलो आणि काही महिन्यांत लॉकडाऊन लागला. मी शिकायला बसलो, आणि काय केलं असेल? कागद छापून आणले. कुठली तार, कितवा पडदा, कुठलं बोट, सगळं आकड्यांत लिहिलेलं. मी कारखानदार माणूस, ड्रॉइंग बघून काम करायची सवय. ‘क्रिपल क्रीक’ नावाची एक जुनी धून तिकडं नवशिक्याला आधी देतात. ती मी कागद बघून चार महिन्यांत बसवली. एकही चूक नाही.

२०२२ साली परत मुलीकडं गेलो. तिथल्या एका वाद्यांच्या दुकानात शनिवारी लोक गोल करून बसतात. धून सुरू होते, आणि एकेकाची पाळी येते तेव्हा बाकीचे आवाज खाली घेतात. माझी पाळी आली. सहाव्या-सातव्या ठोक्याला एक सूर चुकला, आणि खलास. मी कागदावर कुठं होतो ते मला सापडेना. परत आत यायला वाटच नव्हती. मला त्या धुनेतले सगळे आकडे येत होते, धून येत नव्हती. ती मी कधी एकदाही गुणगुणलो नव्हतो! गोलातले लोक भले होते, हसून पुढच्याला पाळी दिली. मला मात्र महाद्वार रोड आठवला. तिथंही मी हरवलो होतो, पण तिथं गाणं गळ्यात होतं आणि शेजारी ठेका धरून ठेवणारा होता.

त्या रात्री कागद बाजूला ठेवले. दोन आठवडे वाद्याला हात लावला नाही. ती धून नुसती ऐकली आणि नातवाला फिरवताना गुणगुणली. मग थांबायचा सूर धरला, सांगाडा काढला, आणि भरणी शेवटी. हल्ली फोनवर सूर न बदलता वेग कमी करता येतो, त्यामुळं काम सोपं आहे. पण पायऱ्या वस्तादांच्याच. तीन आठवड्यांत धून बसली. चुकलो तरी कुठूनही आत येता येतं आता. कागदावाचून शिकलं की हा एक फायदा होतो. गाणं पुढं चाललंय हे कानाला माहीत असतं, हात फक्त उशिरा पोचतो.

आता जी गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली होती ती. मागच्या वर्षी घरचे म्हणायला लागले की मला ऐकू कमी येतं. तपासणी केली. दोन्ही कानांनी वरचे आवाज गेलेत. आलेखात चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा पडलाय. गोंगाटानं गेलेल्या कानाची ती खूण असते म्हणे. पस्तीस वर्षं ग्राइंडर आणि फेटलिंगचा आवाज, आणि मी दुसऱ्यांना कानात बोळे घाला म्हणून ओरडत होतो, स्वतः कधी घातले नाहीत. गेलेलं परत येत नाही. ‘स’ आणि ‘श’ मला नीट ऐकू येत नाहीत. बायको म्हणते ते मला सोयीचं आहे.

मी तपासणाऱ्या बाईंना विचारलं, मी कानानं वाद्य शिकतोय, ते आता बंद करू का? त्यांनी फार चांगलं समजावलं. माझं नुकसान तीन हजारांच्या वर आहे. बँजोची ती आखूड तार मोकळी छेडली तर ३९२ हर्ट्झ. वाद्यातले बहुतेक सूर हजाराच्या आतच. म्हणजे धून मला पूर्ण ऐकू येते, गेली आहे ती तिची धार, नखी तारेवर आपटते तो कडक आवाज. यंत्र कानात घातलं की थोडी धार येते, त्यात संगीतासाठी वेगळी सोय करून घेता येते. आणि गोंगाटात तार लावायची असेल तर काय करू, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “जबडा वाद्याच्या लाकडाला टेकवा. आवाज हाडातनं आत जातो, बाहेरच्या कल्ल्यातही स्वतःचा सूर कळतो.”

मी घरी आलो आणि बराच वेळ काही बोललो नाही. वस्ताद पेटीचा मुका घेत नव्हते. ताशांच्या कल्ल्यात त्यांना स्वतःचा सूर ऐकायचा होता. आणि आयुष्यभर कर्ण्यापुढं उभं राहून त्यांचेही कान गेले असणार, हे तेव्हा आम्हाला कळलं नाही.

मित्रहो, वेळ संपत आला, घंटा वाजली तरी मला ऐकू येणार नाही, म्हणून मीच आवरतो. दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली, शिकायची इच्छा असेल त्यांच्यासाठी. पेटी, बासरी, माउथ ऑर्गन, काहीही घ्या. लहानपणी पाठ झालेलं एक गाणं घ्या, कारण ते गळ्यात आधीच आहे. निम्मं काम झालेलं असतं. साठीनंतर बोटं हळू चालतात, पण कान आपल्याजवळ पन्नास वर्षांचा साठा घेऊन बसलेला असतो. पोरांकडं तो नसतो. आणि कान सांभाळा. मिरवणुकीत भिंतीसारखे स्पीकर लावलेले असतात, तिथं नातवंडांना खांद्यावर घेऊन उभे राहू नका.

दुसरी गोष्ट सरांना सांगायची आहे. सर, तुम्ही आज इथं समोर बसलात म्हणून बरं झालं. १९७७ च्या गणपतीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, गाडीवर दुसरा कोण होता. सर, दुसरा मी होतो. याला नाव माहीत होतं. मी उठायला हवं होतं, उठलो नाही. त्याची चाचणी गेली आणि माझी झाली. त्याची मी त्याच्याकडं आज सगळ्यांसमोर माफी मागतो.

येताना बुलबुल तरंग घेऊन आलोय. वस्तादांच्या मुलानं त्यांची पेटी जपून ठेवली होती, ती मागितल्यावर दिली. दोन बटणं अडकतात. ढोलकी मागच्या खोलीत आहे, संयोजकांनी माझ्या सांगण्यावरनं आणून ठेवलीय. याला काही सांगितलेलं नाही. तो आला तर लोहाराचं गाणं वाजवू. नाही आला तर मी एकटा वाजवीन, पण अंतऱ्याला चुकलो तर सांभाळून घ्या. कोमल नि लक्षात ठेवलाय.



(तो आला. चाळीस वर्षांत ढोलकीला हात लागला नाही असं सांगत होता, ते खरं नव्हतं. — संपादक)